यकृद्विद्रधी : नाम, निदान आणि उपचार

यकृताच्या आत पू साठून जी पोकळी निर्माण होते, तिला वैद्यकीय मराठीत 'यकृद्विद्रधी' असे नाव आहे. 'यकृत्' आणि 'विद्रधी' या दोन पदांचा हा संधी उच्चारावयास थोडा अवघड असल्यामुळे व्यवहारात 'यकृत-विद्रधी' असे सुटे रूपही चालते. रोग्याचे नातेवाईक मात्र 'लिव्हरमध्ये पू झाला' एवढेच म्हणतात. आणि खरे पाहता त्यांचे वाक्य शास्त्रीय नामाइतकेच सांगते. कोठे झाले आणि काय झाले, हे दोघांतही आहे. कोणामुळे झाले, हे मात्र दोघांतही नाही. प्रस्तुत लेखाचा विषय या तिसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे.

यकृतातील विद्रधी मुख्यतः दोन कारणांनी होतो. एक, आमांशाचा अमीबा आतड्यातून यकृतात शिरल्यामुळे. आणि दोन, जीवाणूंमुळे. दुसऱ्या प्रकारास 'पूयजनक' असे विशेषण लावण्याचा प्रघात आहे. हे विशेषण फारसे समाधानकारक नाही, कारण पू तर दोन्हीकडे दिसतो. (किंबहुना अमीबाच्या विद्रधीतील द्रव हा काटेकोर अर्थाने पू नसून विरघळलेल्या यकृतपेशींचा राडा असतो, पण तो भेद सुईतून येणाऱ्या द्रवाकडे पाहणाऱ्याच्या सहज लक्षात यावयाचा नाही.) 'जीवाणुजन्य' हे विशेषण अधिक नेमके असल्याने पुढे तेच योजिले आहे. परिभाषेची ही चर्चा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावी यात नवल नाही. परंतु येथे प्रश्न केवळ शब्दांचा नाही. अमीबाचा विद्रधी बहुधा गोळ्यांनीच बरा होतो. जीवाणुजन्य विद्रधीतील पू बहुधा बाहेर काढावा लागतो. एकाचा उपचार दुसऱ्यावर केला, तर मधल्या दिवसांत जीवाणू रक्तात पसरतात आणि रोगी दगावू शकतो.

प्राचीन वैद्यकास हा रोग अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'विद्रधी' या शब्दाची व्युत्पत्ती शीघ्र होणाऱ्या विदाहावरून लाविलेली आहे. ती आजच्या ध्वनिनियमांना कितपत मानवेल हा प्रश्न वेगळा. पण रोगाचे स्वरूप तिने अचूक पकडले आहे. सुश्रुताने निदानस्थानात शरीराच्या आत होणाऱ्या विद्रधींची स्थाने सांगितली आहेत आणि त्यांत प्लीहा, वृक्क इत्यादींबरोबर यकृतही आहे. चरकात हा शब्द स्त्रीलिंगी चालतो, सुश्रुतात पुल्लिंगी. मराठीने यांपैकी काय घ्यावे याचा निर्णय अद्याप कोणी केलेला दिसत नाही. येथे पुल्लिंग स्वीकारले आहे. विशेष असे की, यकृतातील विद्रधीचे लक्षण म्हणून दोन्ही ग्रंथ श्वासाचा त्रास सांगतात. यकृत आणि श्वास यांचा संबंध वरवर पाहता जुळत नाही. परंतु यकृताचा माथा मध्यपटलास लागून असतो. तेथे विद्रधी झाला की मध्यपटल वर उचलले जाते, त्याची हालचाल दुखरी होते आणि पुष्कळदा उजव्या फुफ्फुसाभोवती पाणीही साठते. प्राचीनांचे निरीक्षण आजच्या क्ष-किरण चित्राशी असे जुळते. त्यांचे वर्गीकरण दोषांवर आधारलेले होते, रोगजंतूंवर नव्हते. सूक्ष्मदर्शकावाचून ते तसे असणेही शक्य नव्हते.

जीवाणू यकृतात येतात कोठून? यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त प्रतिहारिणी शिरेवाटे येते. ही शीर आतड्यांचे रक्त गोळा करून आणते, म्हणून तिच्यातून अन्नरसाबरोबर थोडेबहुत जीवाणूही येत राहतात. निरोगी यकृतातील भक्षक पेशी त्यांचा निकाल लावतात. पोटात कोठे पू झाला आणि जीवाणूंचा लोंढा आला, तर ही व्यवस्था अपुरी पडते. अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्स येथील ऑक्स्नर, डी बेकी आणि मरे या शल्यवैद्यांनी १९३८ साली आपल्या ४७ रोग्यांचा आणि तत्पूर्वीच्या वाङ्मयाचा आढावा प्रसिद्ध केला. त्या काळी या विद्रधीचे सर्वांत मोठे कारण आंत्रपुच्छाचा दाह हे होते आणि रोगी बहुधा तरुण असत. (यांतील डी बेकी पुढे हृदयशस्त्रक्रियेसाठी जगप्रसिद्ध झाले.) आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया वेळेवर होऊ लागली, प्रतिजैविके आली, आणि ते कारण मागे पडले. आता पहिला क्रमांक पित्तमार्गाचा आहे. पित्ताचा खडा, पित्तनलिकेचे आकुंचन किंवा अर्बुद यांमुळे पित्त तुंबते, त्यात जीवाणू वाढतात आणि नलिकांच्या फांद्यांमधून ते यकृतात चढतात. रोगीही त्यामुळे आता बहुधा पन्नाशी-साठीचे असतात. याखेरीज शरीरात दुसरीकडे असलेला जंतुसंसर्ग यकृताच्या रोहिणीवाटे येऊ शकतो, शेजारच्या पित्ताशयातून थेट पसरू शकतो, किंवा मार लागून फाटलेल्या यकृतात मूळ धरू शकतो. पुष्कळ रोग्यांत कितीही शोध केला तरी मूळ सापडत नाही. मधुमेह असेल तर या सर्व शक्यता वाढतात.

दोषी जीवाणूही एक नव्हे. ई. कोलाय, क्लेब्सिएला, साखळीगोलाणूंच्या काही जाती आणि प्राणवायूवाचून जगणारे आतड्यातील जीवाणू हे नेहमीचे. एकाच विद्रधीत यांपैकी दोन-तीन एकत्र नांदत असतात, विशेषतः पित्तमार्गातून आलेल्या विद्रधीत.

आता लक्षणांकडे वळू. हुडहुडी भरून ताप येणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, अन्नावरची वासना जाणे, वजन घटणे ही प्रमुख लक्षणे होत. कावीळ काहींना होते, बहुतेकांना होत नाही. वाचकास वाटेल की यकृतात पू आहे म्हटल्यावर रोगी यकृताकडे बोट दाखवीलच. तसे होत नाही. यकृत मोठे लागणे किंवा तेथे दाबल्यावर दुखणे यांसारखी स्थानिक चिन्हे सुमारे निम्म्या रोग्यांतच आढळतात. वृद्धांत तर ताप आणि ग्लानी यांपलीकडे काहीच नसते. कधी उजवा खांदा दुखतो. मध्यपटलाची संवेदना वाहणारा मज्जातंतू मानेतून निघत असल्यामुळे यकृतावरील पीडा खांद्यावर जाणवते. चिन्ह एका ठिकाणी आणि अर्थ दुसऱ्या ठिकाणी, अशी ही स्थिती आहे.

रोग्याच्या भाषेची अडचण यात भर घालते. 'यकृत' हा शब्द रोग्याच्या तोंडी क्वचितच येतो. 'काळीज' हा जुना शब्द आहे, पण त्याचा अर्थ दुभंगलेला आहे. खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. 'काळीज धडधडते', 'काळीज फाटते' येथे काळीज म्हणजे हृदय. त्यामुळे 'काळजात दुखते' असे सांगणाऱ्या मनुष्यास नेमके कोठे दुखते हे हात ठेवून दाखविण्यास सांगितल्याशिवाय कळत नाही. 'कुशीत दुखते', 'बरगड्या भरून आल्या', 'दम पुरत नाही' ही वाक्ये ऐकणाऱ्याने त्यांमागे यकृत असू शकते हे ध्यानी ठेवले पाहिजे. आपल्याकडे थंडी वाजून येणाऱ्या तापास प्रथम हिवतापाचे, मग विषमज्वराचे नाव मिळते. ही नावे गैर नाहीत, कारण ते रोग खरोखरच येथे आहेत. पण एकदा नाव पडले की शोध थांबतो, आणि आठवडा-दोन आठवडे जातात.

संशय आला म्हणजे काय करावयाचे? रक्तात श्वेतपेशी वाढलेल्या असतात आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर बहुसंख्य रोग्यांत वाढलेले आढळते. ही दोन्ही चिन्हे इतर अनेक रोगांतही दिसत असल्याने त्यांवर निर्णय करता येत नाही. रक्तातील जीवाणू संवर्धकात वाढवून पाहण्याची चाचणी अधिक मोलाची आहे. सुमारे निम्म्या रोग्यांत ती जीवाणूचे नाव सांगते. अट एवढीच की, हे रक्त प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी काढले पाहिजे. तापाच्या रोग्यास दारातच एखादे इंजेक्शन टोचण्याची जी सवय सर्वत्र दिसते, तिने ही संधी नाहीशी होते.

विद्रधी प्रत्यक्ष दाखविण्याचे काम सोनोग्राफी करते. ध्वनीच्या अभ्यासकास या साधनाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. आपल्या कानास दर सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. पोटाची तपासणी करणारे यंत्र काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी सोडते आणि निरनिराळ्या ऊतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींतून चित्र रचते. पुवाची पोकळी अवतीभवतीच्या यकृताहून निराळी दिसते. हे यंत्र तालुक्याच्या गावीही असते, रोग्याच्या खाटेपाशी नेता येते आणि त्यात किरणांचा धोका नाही. सी. टी. स्कॅन त्याहून सूक्ष्म. लहान लहान अनेक विद्रधी, तसेच पोटातील मूळ कारणही ते दाखविते. अगदी आरंभीच्या काळात यकृताचा भाग अद्याप द्रवरूप झालेला नसतो. तेव्हा तो सोनोग्राफीत अर्बुदासारखा भासतो, किंवा दिसतही नाही. म्हणून ताप टिकून असेल तर तपासणी पुन्हा करणे श्रेयस्कर.

परंतु ही सर्व चित्रे 'पू आहे' एवढेच सांगतात. तो अमीबाचा की जीवाणूंचा, हा प्रश्न उरतोच, आणि भारतात तो टाळता येत नाही. रोगी विशी ते चाळिशीतला पुरुष, विद्रधी एकच आणि उजव्या खंडात, अशी स्थिती असेल तर पारडे अमीबाकडे झुकते. वय अधिक, मधुमेह किंवा पित्तमार्गाचा विकार, विद्रधी अनेक, प्रकृती झपाट्याने ढासळणारी, असे असेल तर जीवाणूंकडे. अर्थात हे पारडे झुकणे होय, निकाल नव्हे. रक्तातील अमीबाविरोधी प्रतिपिंडांची चाचणी उपयुक्त आहे. ती नकारात्मक असेल तर अमीबाची शक्यता बरीच कमी होते (अगदी पहिल्या आठवड्यात मात्र ती फसवी नकारात्मक येऊ शकते). ती सकारात्मक आली तरी, अमीबाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशात ते प्रतिपिंड जुन्या संसर्गाचेही असू शकतात.

शेवटी साक्ष काढावी लागते ती पुवाचीच. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली सुई घालून पू ओढतात. अमीबाचा द्रव तांबूस-तपकिरी, चॉकलेटच्या पाकासारखा आणि बहुधा गंधहीन असतो. जीवाणूंचा पू पिवळट किंवा हिरवट असतो, आणि प्राणवायूवाचून वाढणारे जीवाणू असल्यास त्याला असह्य दुर्गंधी येते. रंगावर सर्वस्वी विसंबू नये. अमीबा पुवात दिसला नाही म्हणून तो नाहीच असेही म्हणता येत नाही, कारण तो पोकळीच्या भिंतीत राहतो. पू काचपट्टीवर रंगवून पाहणे आणि दोन्ही प्रकारच्या संवर्धकांत, म्हणजे प्राणवायूसह व प्राणवायूविरहित, वाढविणे आवश्यक आहे. सुई घालण्यापूर्वी ही पोकळी म्हणजे कुत्र्याच्या फीतकृमीमुळे होणारी जलपुटी नव्हे याचीही खात्री करावी लागते. ती अनवधानाने फुटल्यास आतील द्रवाने रोग्यास तीव्र प्रतिक्रिया येण्याचा धोका असतो.

येथे एक तार्किक सापळा आहे. अमीबावर दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल हे औषध प्राणवायूवाचून जगणाऱ्या जीवाणूंवरही चालते. त्यामुळे 'मेट्रोनिडॅझोल दिले आणि ताप उतरला, म्हणून तो अमीबा होता' असे अनुमान निर्णायक ठरत नाही. हेत्वाभासाचे याहून चांगले उदाहरण न्यायशास्त्राच्या वर्गात क्वचितच मिळेल. उलट हे औषध देऊन तीन-चार दिवसांत ताप हटत नसेल, तर मात्र निदानाचा पुनर्विचार करावाच लागतो.

दोन्ही रोगांच्या उपचारांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली अमीबाच्या रोगांवर एमेटीनची इंजेक्शने वापरात आणली. विद्रधी चाकूने उघडण्याऐवजी सुईने पू ओढावा असा त्यांचा आग्रह होता. कारण स्पष्ट होते : अमीबाचा निर्जंतुक विद्रधी उघडा ठेवला की बाहेरचे जीवाणू आत शिरत आणि एका रोगाचे दोन होत. पुढे १९६६ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे मेट्रोनिडॅझोलचा गुण सिद्ध झाला आणि एमेटीनसारखे हृदयास घातक औषध हळूहळू मागे पडले.

जीवाणुजन्य विद्रधीत असे एकटे औषध नव्हते. पू न काढल्यास मृत्यू जवळजवळ ठरलेला, आणि काढावा तर पोटाच्या पोकळीत तो सांडण्याची भीती. म्हणून ऑक्स्नर प्रभृतींनी पर्युदर न उघडता बाहेरच्या बाजूने यकृतापर्यंत जाण्याचा मार्ग पुरस्कारिला. प्रतिजैविके आल्यावर १९५३ साली हाँगकाँग येथील मॅक्फॅडझीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाकी विद्रधीचे लागोपाठ १४ रोगी केवळ सुईने पू ओढून व प्रतिजैविके देऊन बरे केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तरीही पुढील दोन-अडीच दशके शस्त्रक्रियेचाच बोलबाला राहिला. हाँगकाँगच्या वैद्यांची पद्धत बरोबर होती, पण सुई कोठे जात आहे हे डोळ्यांस दिसत नव्हते. सोनोग्राफी व सी. टी. स्कॅन आल्यानंतरच तिला सर्वत्र मान्यता मिळाली.

आज वाद आहे तो सुईने पू ओढावा की बारीक नळी आत ठेवावी याचा. चंडीगढ येथे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ५० रोग्यांच्या तौलनिक प्रयोगात सुईने ६० टक्के आणि नळीने सर्वच रोगी बरे झाले. हाँगकाँगच्या २००४ च्या ६४ रोग्यांच्या प्रयोगात मात्र दोन्ही पद्धती तुल्यबल ठरल्या. हे निष्कर्ष विरोधी वाटतात, पण प्रश्नच सारखा नव्हता : चंडीगढला दोनदा ओढूनही गुण न आल्यास सुई अयशस्वी मानली गेली, तर हाँगकाँगला गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा ओढण्याची मुभा होती. तेव्हा ५ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या विद्रधीत नळी ठेवावी, त्याहून लहान असल्यास सुईने भागावे, आणि अगदी लहान असल्यास केवळ औषधांवर विसंबावे, हा आजचा सर्वसाधारण व्यवहार शहाणपणाचा वाटतो. पोकळीत अनेक कप्पे असतील, पू अतिशय घट्ट असेल किंवा विद्रधी पोटात फुटला असेल तर शल्यवैद्यास अद्यापही बोलवावे लागते. पित्तमार्ग तुंबलेला असल्यास तो मोकळा केल्यावाचून यकृतातील पू पुन्हा साठतो. तेथे दुर्बिणीतून खडा काढणे हाच खरा उपचार.

प्रतिजैविके संवर्धनाचा निकाल येईपर्यंत अदमासाने द्यावी लागतात : सेफ्ट्रायक्झोनसारखे एक, त्याच्या जोडीस मेट्रोनिडॅझोल. ही जोडी आपल्या परिस्थितीत विशेष सोयीची, कारण निदान लोंबकळत असता अमीबाही तिच्या माऱ्यात येतो. रोगी अत्यवस्थ असल्यास अधिक व्यापक औषधे निवडतात. जीवाणूचे नाव व त्याची औषधांस असलेली वश्यता कळली की औषध त्याप्रमाणे बदलावे. आपल्या रुग्णालयांतून सेफ्ट्रायक्झोनला दाद न देणारे जीवाणू सर्रास सापडत असल्याने हा निकाल मागविणे आणि आल्यावर तो वाचणे, या दोन्हींना महत्त्व आहे. एकूण उपचार चार ते सहा आठवड्यांचा. ताप आठवड्यात उतरतो, रोग्यास बरे वाटते आणि गोळ्या सुटतात, हा नेहमीचा धोका. इतके दिवस शिरेतूनच औषध द्यावे काय, या प्रश्नास सिंगापूरच्या १५२ रोग्यांच्या एका प्रयोगाने उत्तर दिले आहे : क्लेब्सिएलाच्या विद्रधीत आरंभीचे थोडे दिवस गेल्यानंतर तोंडाने दिलेले सिप्रोफ्लॉक्सासिन हे शिरेतून दिलेल्या सेफ्ट्रायक्झोनपेक्षा उणे ठरले नाही. अर्थात जीवाणू त्या गोळीस वश असला पाहिजे. तसा असेल, तर महिनाभर रुग्णालयाच्या फेऱ्या घालणे ज्यास परवडत नाही, त्याच्यासाठी या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.

क्लेब्सिएलाचा उल्लेख वर आला. त्याविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे. १९८६ साली तैवानमधील वैद्यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. यकृतात क्लेब्सिएलाचा विद्रधी झालेल्या सात रोग्यांच्या डोळ्यांच्या आतही त्याच जीवाणूचा संसर्ग पोहोचला होता. पुढे असेच वृत्तांत पूर्व आशियातील इतर देशांतून आणि नंतर जगभरातून येऊ लागले. हा क्लेब्सिएला नेहमीचा नव्हे. त्याचे आवरण अतिशय जाड व चिकट असते. संवर्धकावरील वसाहतीस तारेचे टोक लावून उचलले असता ५ मिलिमीटरहून लांब तार निघते, पाक झाला की नाही हे गृहिणी पाहते तशी. याचे रोगी पुष्कळदा मधुमेही असतात, पित्तमार्ग निर्दोष असतो, आणि जीवाणू रक्तावाटे डोळे, मेंदूची आवरणे व फुफ्फुसे यांपर्यंत जातो. तैवानमध्ये जीवाणुजन्य यकृद्विद्रधीचे प्रमाण १९९६ साली दर लाख लोकसंख्येस सुमारे ११ होते, ते २००४ साली सुमारे १८ पर्यंत गेले. अशा काही रोग्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग दडलेला आढळल्याने, दुसरे मूळ सापडत नसल्यास विद्रधी बरा झाल्यावर आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी असा सल्ला दिला जातो.

डोळ्यातील संसर्ग काही तासांत वा दिवसांत दृष्टी नेतो, आणि तेथे शिरेतून दिलेले औषध पुरेसे पोहोचत नाही; ते डोळ्यातच टोचावे लागते. यकृताच्या रोग्यास डोळ्यांविषयी कोणी विचारीत नाही आणि तोही आपण होऊन सांगत नाही, कारण पोटाच्या दुखण्याशी डोळ्याचा संबंध त्याच्या कल्पनेतही नसतो. म्हणून मधुमेही मनुष्यास यकृद्विद्रधी झाला आणि पुवात क्लेब्सिएला निघाला, तर 'अंधुक दिसते काय, डोळा लाल झाला आहे काय' हे त्यास रोज, त्याच्याच भाषेत विचारावे, आणि होकार येताच त्याच दिवशी नेत्रवैद्यास दाखवावे.